तू हितं, वारा तिथं: बिनमाणसाच्या विमानाची गोष्ट

डिसेंबरातली सकाळ, सात-साडेसात वाजले असतील, कोकणातल्या हर्णै बंदराच्या अलीकडच्या पुळणीवर मी आणि माझा मामेभाऊ उभे होतो. तो होमस्टेवाल्यांना व्हिडिओ करून देतो, त्याच्याकडे अडीचशे ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोन आहे, तो त्याने वाळूवर एक प्लायवूडचा तुकडा टाकून त्यावरून उडवला. आमचे काका शेजारी येऊन थांबले. काका म्हणजे चाळीस वर्षं तांडेलकी, म्हणजे मासेमारी बोटीची कप्तानी, केलेला माणूस, आता बोटीवर मुलगा जातो. थोडा वेळ त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "ह्यात बसलेला तर कोण नाय, मग चालवतो कोण?" भाऊ म्हणाला, "मी चालवतो की काका, हा काय रिमोट." काका म्हणाले, "तू हितं उभा, वारा तिथं वर. तुला कसा लागतो तो?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही, कारण दीडशे-पावणेदोनशे वर्षं जगभरातले इंजिनियर नेमक्या ह्याच प्रश्नाशी झटत होते. विमान बनवणं अवघड होतंच, पण त्यातून माणूस उतरवला की त्याचे कान, डोळे, हातापायाला लागणारा वारा, पोटात येणारा गोळा हे सगळंच उतरतं आणि ते परत कुठून आणायचं हा खरा प्रश्न होता. काकांना नंतर मी जसं समजावलं तसंच इथे लिहितोय, बोटीच्या भाषेत, कारण मला स्वतःलाही ते तसंच नीट कळलं.

बोटीवर तांडेल तीन कामं सतत करत असतो. एक म्हणजे तोल, लाट कुठून येतेय ते बघून सुकाणू धरायचं, बोट आडवी होऊ द्यायची नाही. दुसरं ठिकाण, म्हणजे आपण आत्ता कुठे आहोत, पूर्वी डोंगराची आणि देवळाची खूण एका रेषेत धरून ओळखायचे, आता जीपीएस आहे. आणि तिसरी हाक, पूर्वी ओरडून किंवा कंदील हलवून, आता वायरलेसवर. तोल, ठिकाण, हाक. माणसाशिवाय विमान उडवायचं तर ही तिन्ही कामं यंत्राने करायला हवीत, आणि गंमत अशी की ही तिन्ही एकदम सुटली नाहीत, एकेक करून सुटली आणि प्रत्येक वेळी जे सुटलं नव्हतं त्यानेच घात केला.

सगळ्यात जुनं उदाहरण १८४९ चं. ऑस्ट्रियाच्या सैन्याने व्हेनिस शहराला वेढा घातला होता, शहर पाण्यात, तोफा पोचेनात, तेव्हा त्यांनी बिनमाणसाचे फुगे सोडले, खाली बॉम्ब लटकवलेला आणि ठराविक वेळाने सुटेल अशी वात. ह्या फुग्यांना तोल नाही, ठिकाण नाही, हाक नाही, होता तो नुसता वारा, आणि वारा फिरला तसे त्यातले काही फुगे सोडणाऱ्यांच्याच दिशेने परत आले. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला ह्यात आश्चर्य वाटणार नाही.

मराठी माणसाशी हा विषय काढला की शिवकर बापूजी तळपदे आणि १८९५ ची मुंबईची चौपाटी हे नाव येतंच, त्यांनी बिनमाणसाचं विमान उडवलं असं सांगतात. तळपदे होऊन गेले, त्यांना ह्या विषयाचा ध्यास होता, हे खरंच आहे, पण त्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा पुढे आलेला नाही म्हणून मी ते ह्या इतिहासात धरत नाही. आपल्या माणसाबद्दल आदर असणं वेगळं आणि इतिहास म्हणून लिहिणं वेगळं.

आता तोल. लहानपणी भोवरा फिरवला असेल तर हे अर्धं तुम्हाला येतंच. जोरात फिरणारा भोवरा हातावर घेऊन हात वाकडा केला तरी तो आपला आस सोडत नाही, ताठ उभा राहायला बघतो. हेच तत्त्व वापरून जायरोस्कोप बनतो, चौकटीत बसवलेलं जड चाक वेगाने फिरत ठेवायचं, विमान कलंडलं तरी चाक कलंडत नाही, मग चाक आणि विमान ह्यांच्यात जो कोन पडला तेवढं विमान वाकडं झालं असं समजायचं आणि तेवढीच दुरुस्ती पंखांना द्यायची. अमेरिकेत एल्मर स्पेरी नावाच्या माणसाने हे आधी जहाजांसाठी केलं, आणि त्याच्या मुलाने, लॉरेन्स स्पेरीने, ते विमानात बसवलं. १९१४ च्या जूनमध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर त्याने जे करून दाखवलं ते डोळ्यासमोर आणून बघा, पाण्यावर उतरणारं लाकडी विमान, नदीकाठी गर्दी, विमान गर्दीसमोरून जाताना लॉरेन्स दोन्ही हात वर करून बसलाय आणि त्याचा मेकॅनिक चालत्या विमानाच्या पंखावर बाहेर चालत जातोय. एका बाजूला माणसाचं वजन पडलं की विमान त्या बाजूला कलंडायलाच हवं, होडीच्या एका काठावर दोघं बसले की काय होतं ते आपल्याला माहितीये, पण ते कलंडलं नाही, जायरोने सावरलं. तेव्हा लॉरेन्स जेमतेम एकवीस वर्षांचा होता. माझ्या मते ड्रोनचा खरा जन्म कुठला म्हणाल तर हा दिवस, विमानात दोन माणसं असली तरी.

हाक त्याच्याही आधी सुटली होती, निदान थोडीशी, आणि ती विमानावर नाही तर बोटीवर. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट सोडली आणि दुरून, वायरशिवाय, रेडिओ लहरींनी तिचं सुकाणू फिरवून दाखवलं. लोकांना रेडिओ हीच गोष्ट नीट माहीत नव्हती तेव्हाची ही गोष्ट. काकांना हे सांगितलं तेव्हा ते फार खूश झाले, वायरशिवाय दुरून चालणारी पहिली चीज शेवटी होडीच निघाली म्हणून.

मग पहिलं महायुद्ध आलं. ब्रिटनमध्ये आर्चिबाल्ड लो ह्याने १९१७ मध्ये रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानाच्या चाचण्या केल्या, त्या थोडक्यात आटपल्या. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१८ मध्ये जे बनवलं ते मला जास्त शिकवणारं वाटतं. त्याचं नाव केटरिंग बग, लाकूड आणि कागदाच्या लगद्याचं छोटं विमान, पोटात ८० किलोच्या आसपास स्फोटकं, पल्ला साधारण १२० किलोमीटर. तोलाला जायरो होता, उंचीला हवेचा दाब मोजणारं यंत्र होतं, पण ठिकाण कसं कळणार? तर त्यांनी काय केलं, इंजिनाचे फेरे मोजले. लक्ष्य इतकं लांब आहे, म्हणजे इंजिनाचे इतके फेरे लागतील, तेवढे झाले की इंजिन बंद, पंख धरणारे बोल्ट निघणार, पंख गळून पडणार आणि धड खाली कोसळणार. उडवण्याआधी वारा मोजून फेऱ्यांचा हिशोब करायचे, पण वाटेत वारा बदलला की हिशोब गेला. म्हणजे बघा, तांडेल जर म्हणाला की इंजिन एवढ्या आरपीएमवर दोन तास चालवलं म्हणजे मी अमुक ठिकाणी पोचलो, तर त्याला कोणी बोटीवर ठेवेल का? पाण्याची ओढ धरली कुठे त्याने? बोट पाण्यातून किती गेली आणि जमिनीच्या हिशोबाने किती गेली ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विमानालाही तेच, हवेतून किती गेलं ते इंजिन सांगतं, जमिनीवर कुठे आलं ते सांगत नाही. युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये संपलं आणि बग लढाईत कधी वापरलाच गेला नाही. पण २६ वर्षांनी जर्मनीने लंडनवर जे व्ही-१ नावाचे उडते बॉम्ब सोडले त्यांच्या नाकावर एक छोटा पंखा होता, तो हवेत फिरायचा, त्याचे फेरे मोजून अंतर धरायचे. तीच युक्ती, तोच दोष, फक्त संख्या हजारोंची, आणि नेम न लागताही माणसं मेलीच.

मधल्या काळात ब्रिटिश नौदलाला एक अडचण होती. जहाजावरच्या तोफांना विमान पाडायचा सराव कशावर करायचा, माणूस बसलेल्या विमानावर तर गोळ्या झाडता येत नाहीत. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी टायगर मॉथ घराण्यातलं एक विमान रेडिओवर चालणारं केलं, नाव ठेवलं क्वीन बी, म्हणजे राणी माशी. पुढे अमेरिकन नौदलात डेल्मर फार्नी ह्या अधिकाऱ्याने तसंच काम सुरू केलं आणि त्याने ह्या यंत्रांना ड्रोन म्हणायला सुरुवात केली. ड्रोन म्हणजे नर मधमाशी, राणीच्या मागे जाणारा. आज आपण गावागावात जो शब्द वापरतो तो असा आलाय, आणि आला तो गोळ्या झेलायला बनवलेल्या विमानावरून. दुसऱ्या महायुद्धात रेजिनाल्ड डेनी नावाच्या हॉलीवूडच्या नटाने काढलेल्या रेडिओप्लेन कंपनीने अशी सरावाची छोटी विमानं जवळपास १५ हजार बनवली. १९४५ मध्ये लष्कराचा एक फोटोग्राफर त्या कारखान्यातल्या कामगार बायकांचे फोटो काढायला गेला, त्यात हातात प्रोपेलर घेतलेली एक पोरगी होती, तीच पुढे मेरिलिन मन्रो म्हणून जगाला माहीत झाली.

१ मे १९६० ला अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान सोव्हिएत रशियाने पाडलं आणि पायलट जिवंत हाती लागला, फार मोठी नाचक्की झाली. तेव्हापासून बिनमाणसाच्या विमानाने फोटो काढायचे ह्यावर जोर आला. फायरबी नावाचं एक जेटवर चालणारं सरावाचं ड्रोन होतं, त्याच्यात कॅमेरा घालून लाइटनिंग बग बनवलं आणि १९६४ ते १९७५ मध्ये चीन-व्हिएतनामवर त्याच्या ३४०० हून जास्त फेऱ्या झाल्या. मोठ्या विमानाच्या पंखाखालून सोडायचं, फेरी झाली की पॅराशूट उघडायचं आणि हेलिकॉप्टरने खाली येताना हवेतच ते पॅराशूट गळाने अडकवून उचलायचं. हे काम एवढं बेजोड असूनही ठिकाणाचा प्रश्न तसाच होता, ठरलेल्या वाटेपासून ती काही किलोमीटर बाजूला जायची आणि ज्याचा फोटो हवा ते फोटोत यायचंच नाही.

अरब देशांशी झालेल्या १९७३ च्या युद्धात इस्रायलची बरीच विमानं पडली, त्यानंतर त्यांनी वेगळा विचार केला, जेट नको, लहान, हळू, स्वस्त आणि सतत चित्र पाठवणारं हवं. मॅस्टिफ आणि स्काउट ही त्यांची ड्रोन, १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात सीरियाच्या क्षेपणास्त्रांच्या जागा त्यांनी जिवंत टीव्ही चित्रासारख्या दाखवल्या. इथे काम बदललं बघा, आधी फोटो काढून आणायचा, धुवायचा, मग बघायचा, आता खाली बसलेल्या माणसाला तेव्हाच्या तेव्हा दिसू लागलं. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या युद्धनौकांवरून पायोनियर नावाची ड्रोन उडायची, ती डोक्यावर आली की मागून तोफांचा मारा येतो हे इराकी सैनिकांना एवढं पाठ झालं होतं की कुवेतच्या फैलाका बेटावर त्यांनी ड्रोनकडे बघून पांढरी फडकी हलवून शरणागती दिली.

आणि अब्राहम करीम. बगदादमध्ये जन्मलेला, इस्रायलमध्ये वाढलेला, पुढे अमेरिकेत गेलेला इंजिनियर. लॉस एंजेलिसमधल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने ड्रोन बनवायला घेतलं, हट्ट एकच, की ते जास्तीत जास्त वेळ हवेत राहिलं पाहिजे. त्याचं अँबर नावाचं ड्रोन १९८८ मध्ये सलग ३८ तासांहून जास्त उडालं. त्याच घराण्यातून प्रिडेटर आलं, १९९४ ला पहिलं उड्डाण, १९९५ ला बोस्नियावर. प्रिडेटरने हाकेचा प्रश्न वेगळ्या पातळीवर नेला. साधा रेडिओ सरळ रेषेत जातो, मध्ये डोंगर आला की संपलं, आपल्याकडे घाटी उतरून वाडीत गेलं की मोबाईलची रेंज जाते तसंच, आणि लांब गेलं की पृथ्वीची गोलाईच आडवी येते. म्हणून हाक वर उपग्रहाला द्यायची आणि उपग्रहाने खाली विमानाला. त्यामुळे विमान एका खंडात आणि पायलट दुसऱ्या खंडात बसू शकला. पण हाक लांबून फिरून आली की उशीर होतो, दांडा हलवला आणि विमान वळलेलं दिसलं ह्यात एखाद-दोन सेकंद जातात, म्हणून उड्डाण आणि उतरणं जवळच्या तळावरचा माणूस करतो आणि मधलं लांबचा. २००१ च्या फेब्रुवारीत ह्याच प्रिडेटरवरून क्षेपणास्त्र डागायची चाचणी झाली आणि त्याच वर्षी ते अफगाणिस्तानात माणसं मारायला वापरलं गेलं. तिथून पुढची गोष्ट बातम्यांत रोज असते. हजारो किलोमीटरवरून माणूस मारणं इतकं सोपं झालं ह्याचं मला वाईट वाटतं, आणि इतिहास सांगताना ते न सांगता पुढे जाणं मला जमत नाही.

ठिकाणाचा प्रश्न शेवटी जीपीएसने सोडवला. पहिला उपग्रह १९७८ चा, पूर्ण जाळं १९९५ ला चालू. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर, प्रत्येकात अतिशय अचूक घड्याळ, प्रत्येक जण सतत ओरडत असतो की मी इथे आहे आणि आत्ता एवढे वाजले. ती हाक आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, चार उपग्रहांची अंतरं मिळाली की आपली जागा आणि उंची ठरते. डोंगराची खूण आणि देवळाची खूण एका रेषेत धरायची जुनी रीत आहे ना, तेच, फक्त खुणा आभाळात. सामान्य लोकांना मिळणारा सिग्नल अमेरिका मुद्दाम बिघडवून देत होती, शंभरेक मीटर चुकायचा, तो बिघाड मे २००० मध्ये त्यांनी काढून टाकला आणि त्यानंतर बोटीवर, गाडीत, मोबाईलमध्ये जीपीएस जास्त कामाचं झालं.

मग हा भावाच्या हातातला चार पंख्यांचा ड्रोन. चार पंख्यांची कल्पना नवी नाही, फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंनी १९०७ मध्ये चार रोटरचं यंत्र जमिनीवरून जेमतेम उचललं होतं, पण चार माणसांनी चार कोपरे धरून ठेवावे लागले. अडलं होतं ते तोलापाशी. चार पंखे असलेलं यंत्र स्वतःहून हवेत ठरतच नाही, टेबलावर उभी केलेली काठी जशी पडायलाच बघते तसं, सेकंदाला शेकडो वेळा कुठला पंखा किती फिरवायचा हे ठरवत राहिलं तरच ते उभं राहतं आणि हे माणसाच्या हाताला शक्य नाही. हे शक्य केलं मोबाईलने. फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते, ते करणारा जायरो आणि कल मोजणारा सेन्सर तांदळाच्या दाण्याएवढा, फिरणारं चाक नाही, सिलिकॉनवर कोरलेला सूक्ष्म थरथरणारा तुकडा. मोबाईल करोडोंनी विकले गेले म्हणून हे सेन्सर स्वस्त झाले, हलक्या लिथियम बॅटऱ्या आल्या, छोटे दमदार मोटर आले. चीनमधली डीजेआय ही कंपनी २००६ ची, तिचा फँटम २०१३ मध्ये आला आणि लग्नाच्या शूटिंगपर्यंत ड्रोन पोचला. आपल्याकडे आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या मुलांनी काढलेली नवी मुंबईची आयडियाफोर्ज आहे, लष्करालाही तिचे ड्रोन जातात, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून बेंगळुरूच्या एडीई ह्या सरकारी संरक्षण-संशोधन संस्थेने लष्करासाठी ‘लक्ष्य’ नावाचं सरावाचं ड्रोन केलेलं आहे.

चालतो कसा तर, चारातले दोन पंखे घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलटे, म्हणजे एकमेकांची पीळ मारतात आणि यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. चारही जोरात फिरवले की वर. मागचे दोन जास्त जोरात फिरवले की नाक खाली आणि पुढे. सुकाणू नाही, वेगळे पंख नाहीत, नुसता चार मोटरच्या वेगाचा खेळ. काकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे आणि ते डोळ्यांनी दिसतं. दुपारी खारा वारा, म्हणजे समुद्राकडून येणारा, सुटला की ड्रोन पुळणीवर वीस मीटर उंचीला नुसता थांबवून ठेवा आणि बाजूने निरखून बघा, तो सपाट नसतो. समुद्राकडची बाजू खाली, जमिनीकडची वर, असा तिरका होऊन वाऱ्यावर रेललेला असतो, आणि मागच्या दोन मोटरींचा आवाज चिरका होतो. कोणी त्याला सांगितलेलं नाही. जीपीएस म्हणतो आपण मागे ढकलले जातोय, तो म्हणतो मग पुढे झुकू या. वारा भावाला लागत नाही, ड्रोनला लागतो. भाऊ फक्त सांगतो कुठे थांब.

पण तरी काकांचाच मुद्दा खरा ठरला त्या सकाळी. मतलई वारा चालू होता, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे. सुवर्णदुर्गाच्या बाजूला जायचं नाही हे आधीच ठरलं होतं, परवानगीशिवाय किल्ल्यावर ड्रोन नेता येत नाही, म्हणून भावाने होड्यांचं शूटिंग करायला तो सरळ बाहेर नेला. जाताना झपाझप गेला, वारा पाठीशी, बॅटरी भरपूर दिसत होती, सव्वा किलोमीटर झाला तेव्हा अजून निम्म्याहून जास्त शिल्लक. परत फिरवला आणि आकडा हलेना. स्क्रीनवर वेग बघितला तर जाताना जेवढा होता त्याच्या निम्मा पण नाही, बॅटरी मात्र दुप्पट वेगाने उतरतेय, तीस टक्के, चोवीस, एकोणीस. भावाचा चेहरा उतरला. काका मागून म्हणाले, "खाली घे रे, पाण्याजवळ वारा कमी असतो." त्याने ऐंशी मीटरवरून पंधरावर आणला आणि खरंच आकडा पळायला लागला. ओल्या वाळूवर उतरला तेव्हा चार टक्के उरली होती. केटरिंगच्या बगला १९१८ मध्ये जो वारा नडला तोच आम्हाला नडला. आम्ही गेलेलं अंतर बघत होतो, परतीचा वारा धरलाच नव्हता. उतरल्यावर भाऊ बराच वेळ काही बोलला नाही, मग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मोटरींवरचं खारं पुसत बसला.

आजच्या लढायांत ह्याच तीन गोष्टींवर घाव घातला जातो. युक्रेनमध्ये २०२२ पासून लाखोंनी छोटे ड्रोन वापरले गेले, आपल्याकडे मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी दोन्ही बाजूंनी वापरले गेले. ड्रोन पाडायला गोळीच लागते असं नाही, त्याच्या रेडिओवर मोठा गोंगाट सोडला की हाक तुटते, खोटे जीपीएस सिग्नल सोडले की ठिकाण चुकतं. ह्याला तोड म्हणून जे काढलंय ते ऐकून काका चकित झाले, काही ड्रोनच्या मागे आता बारीक ऑप्टिकल फायबरचं रीळ बसवतात, ड्रोन पुढे जाईल तशी तार सुटत जाते, दहा-दहा किलोमीटर. रेडिओच नाही तर गोंगाट कशावर करणार? गळाची तंगूस सोडल्यासारखं काम.

आता आपला किनारा. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने जानेवारी २०२५ मध्ये किनाऱ्यावर ९ ठिकाणी ड्रोनची देखरेख सुरू केली, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, श्रीवर्धन, रेवदंडा ही त्यातली. एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या आणि बंदीच्या काळात जाळं टाकणाऱ्या बोटी पकडायला. मला हे मनापासून हवं होतं, कारण एलईडीच्या झोतात लहानमोठं सगळं गोळा होतं आणि छोट्या होडीवाल्याच्या वाट्याला काय राहतं ते मी घरात बघितलंय. पण ड्रोन बोट दाखवतो, नंबर वाचतो, बोट धरत नाही. धरायला गस्तीची बोट वेळेत पोचावी लागते आणि कागद पुढे सरकावा लागतो, तिथे ढिलाई झाली तर वरून कितीही स्वच्छ चित्र दिसलं तरी उपयोग नाही. खोल समुद्रात नौदलाची मोठी ड्रोन असतातच, २००६ पासून कोचीला त्यांचा स्वतंत्र ताफा आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी घ्यायचा करार झालाय, त्यातली १५ नौदलाची.

गावठाणाची मोजणी हा दुसरा मोठा उपयोग. स्वामित्व योजना एप्रिल २०२० ची. उडवायच्या आधी लोकांनी आपापल्या मिळकतीच्या हद्दीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारायच्या, मग ड्रोन वरून एकावर एक चढलेले फोटो घेतो आणि त्यावरून नकाशा, सनद, मिळकत पत्रिका. जमिनीवर एक स्थिर जीपीएस ठेवून ड्रोनची चूक सेंटिमीटरपर्यंत आणतात. देशावरच्या मोकळ्या गावात हे छान चालतं, आपल्याकडे घर माडाखाली, कुंपण फणसाखाली आणि चुन्याची रेघ पोफळीच्या सावलीत, वरून हिरवंगार दिसतं. तिथे शेवटी टेप घेऊन चालावंच लागतं आणि चालावंच, कारण वितभर हद्दीवरून भाऊबंदकी आपल्याला नवीन नाही.

फवारणीचं म्हणाल तर भाताच्या खाचरावर ड्रोन उत्तम, पंख्यांचा झोत औषध खाली दाबतो. कातळउतारावरच्या जुन्या उंच हापूसच्या झाडात, आतल्या फांद्यांपर्यंत, पानाच्या मागच्या बाजूला औषध पोचवणं वेगळं काम आहे, तिथे पंपाला पर्याय झालाय असं मला आज तरी वाटत नाही. औषधं पोचवायला मात्र हे खरंच यावं. पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला २०२१ च्या डिसेंबरात ड्रोनने लसीचे ३०० डोस नेले, वीसेक किलोमीटर, दहा मिनिटांच्या आत. पावसात खाडीपलीकडच्या वाडीत साप चावला की काय होतं ते ज्यांना माहितीये त्यांना ह्याची किंमत कळेल.

नियम थोडक्यात सांगतो कारण लोक विचारतात. ड्रोन रूल्स ऑगस्ट २०२१ चे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला आणि धंद्यासाठी नसलेल्या मायक्रोला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. सरकारच्या ड्रोन-नकाशावर हिरवा भाग असेल तिथे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतो, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक, विमानतळ, बंदरं खूप आहेत म्हणून दर वेळी नकाशा बघूनच उडवा, कालचा बघितलाय म्हणून चालत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही परत पुळणीवर गेलो. भावाने ड्रोन काढला, पंख उघडले, बॅटरी लावली. काका पाण्याकडे बघत होते, पाण्यावर बारीक शहारे होते. म्हणाले, "मतलई अजून उतरली नाय. नवाला उतरंल, खारा सुटायला अकरा वाजतील. तेवढ्यात काय ते कर." आम्ही ड्रोन परत बॅगेत ठेवला, मासळीच्या लिलावावर जाऊन चहा घेतला, आणि नऊनंतर पाणी काचेसारखं झाल्यावर उडवला.